क्रीडांगणाचा मानकरी : पालवणकर बाळू

क्रिकेटचा सामना पाहावयास जमलेल्या प्रेक्षकांचे लक्ष फलंदाजाकडे लागलेले असते. त्याने चेंडू सीमेपार टोलावला की टाळ्यांचा कडकडाट होतो. गोलंदाजाने यष्ट्या उडविल्या की त्याच्याही नावाचा जयघोष होतो. परंतु सामना सुरू होण्यापूर्वी, भल्या पहाटे मैदान झाडणारा, खेळपट्टीवर रूळ फिरविणारा आणि चुन्याने रेषा आखणारा माणूस कोणाच्या स्मरणात राहत नाही. खेळ रंगात येतो, तेव्हा तो मैदानाच्या कडेला कोठेतरी उभा असतो.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी असाच कडेला उभा असलेला एक तरुण हातातील रूळ बाजूस ठेवून मैदानाच्या मध्यभागी आला. आपल्या डाव्या हाताच्या कसबाने त्याने हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीचा गोलंदाज अशी कीर्ती मिळविली. त्याचे नाव पालवणकर बाळू. खेळावर पोट भरणारा माणूस म्हणून तो मैदानात आला आणि खेळाच्या बळावर समाजाला विचार करावयास लावून गेला.

पालवणकरांचे घराणे मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. समाजाने अस्पृश्य ठरविलेल्या चर्मकार जातीत त्यांचा जन्म झाला होता. त्या काळी अशा कुटुंबातील माणसाला गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे, देवळाची पायरी चढता येत नसे आणि पुष्कळ शाळांत त्याच्या मुलांना इतरांच्या पंक्तीस बसता येत नसे. लष्करातील नोकरी हा त्यांना उपलब्ध असलेल्या थोड्या मार्गांपैकी एक होता. बाळूचे वडील लष्करी खात्यात नोकरीस होते. बाळूचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला आणि त्याचे बालपण पुण्यात गेले.

पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. त्यांना कोणी शिकविणारा नव्हता. डोळ्यांनी पाहावयाचे आणि हातांनी करून पाहावयाचे, हीच त्यांची शाळा होती. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षण लवकरच सुटले आणि बाळूला कामधंदा शोधावा लागला. त्याला पहिले काम मिळाले, ते पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे आणि प्रसंगी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्याचे काम होते. त्याला महिना ३ रुपये वेतन मिळे.

१८९२ च्या सुमारास बाळू युरोपियनांच्या पूना जिमखान्यात नोकरीस लागला. तेथे त्याला महिना ४ रुपये मिळू लागले. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभी करणे, टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे अशी कामे तो करीत असे. एके दिवशी एका गोऱ्या सभासदाने त्याला चेंडू टाकावयास सांगितले. बाळूच्या डाव्या हातातून सुटलेला चेंडू संथपणे हवेतून येई. परंतु जमिनीस टेकताच तो असा वळे की खेळणारा गोंधळून जाई. ही वार्ता जिमखान्यात पसरण्यास वेळ लागला नाही.

डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाची कला बळाची नसून बुद्धीची आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजासमोर त्याचा चेंडू टप्पा पडल्यावर बाहेरच्या बाजूस वळतो. फलंदाज पुढे सरसावला, तर चेंडू थोडा आखूड टाकावयाचा. तो मागे राहिला, तर किंचित पुढे टाकावयाचा. एक चेंडू उंच व संथ, दुसरा सपाट व वेगवान. हाताची फेक मात्र दोन्ही वेळा सारखीच दिसली पाहिजे. शिवाय टप्पा नेमका हवा. तो वीतभर चुकला, तरी चेंडू सीमेपार जातो. हे सारे साध्य होण्यास वर्षानुवर्षे सराव लागतो. इतरांना हौसेखातर जेवढा सराव करता येई, त्याच्या अनेकपट सराव बाळूला नोकरीमुळे घडला. जे काम पोटासाठी पत्करले, त्याचीच त्याने साधना केली.

त्या वेळी पुण्यात कॅप्टन ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी होते. हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियन फलंदाजांत त्यांची गणना अग्रभागी होत असे आणि पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या संघातूनही ते खेळले. ग्रेगसाहेब इतर सभासदांच्या आधी तासभर मैदानावर येऊन बाळूच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूने आपल्याला बाद केले, की दर वेळी ते त्याला आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. महिना ४ रुपये मिळविणाऱ्या नोकराला आठ आण्यांचे मोल किती वाटत असेल, याची कल्पना सहज करता येईल. या तासाभराच्या झुंजीत ग्रेग यांचा खेळ सुधारला आणि बाळूची गोलंदाजीही धारदार झाली.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जिमखान्यातील अनेक वर्षांच्या नोकरीत बाळूने हजारो चेंडू टाकले; परंतु त्याच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबलोकांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी तेव्हाची समजूत होती. ही समजूत इंग्लंडमधूनच आली होती. तेथे हौसेने खेळणाऱ्यांना 'जंटलमेन' आणि वेतन घेऊन खेळणाऱ्यांना 'प्लेअर्स' म्हणत. एकाच संघातील या दोन प्रकारच्या खेळाडूंना पुष्कळ ठिकाणी कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत. हा भेद इंग्लंडने १९६२ साली मोडीत काढला. बाळूच्या वाट्याला मात्र धंद्याचा भेद आणि जन्माचा भेद असे दोन्ही भेद एकाच वेळी आले होते.

पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता. साहेबांच्या संघाला हरवावे, अशी त्याच्या सभासदांची फार दिवसांची इच्छा होती. साहेबांच्या पदरी असलेला डावखुरा नोकर ग्रेगसारख्या फलंदाजालाही भारी पडतो, हे त्यांच्या कानावर आले. परंतु त्याला संघात घ्यावे की नाही, यावरून सभासदांत तट पडले. काहींना धर्म बुडेल असे वाटले. काहींनी गुणांची बाजू घेतली. अखेरीस विजयाची ओढ प्रबळ ठरली आणि बाळू हिंदूंच्या संघातून खेळू लागला.

येथे मनुष्यस्वभावाची एक विसंगती दिसून येते. मैदानावर बाळूने टाकलेला चेंडू सारे जण हातात घेत. त्याच्या गोलंदाजीवर उडालेला झेल टिपताना कोणालाही विटाळ होत नसे. परंतु चहापानाची वेळ झाली, की इतर खेळाडू इमारतीत जाऊन चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूला मात्र बाहेरच, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. भोजनाच्या वेळी त्याचे पान वेगळे मांडले जाई. हात-तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास त्याच्याच जातीचा एखादा नोकर ते कोपऱ्यात आणून देत असे. मैदानावरील अंतर बावीस यार्डांचे होते. ते बाळूचा चेंडू क्षणार्धात ओलांडी; इमारतीच्या पायरीचे अंतर मात्र त्याला ओलांडता येत नसे.

बाळूने यावर वादंग माजविले नाही. त्याने आपली गोलंदाजी चालू ठेवली आणि सामन्यामागून सामने जिंकून दिले. सातारा येथील गोऱ्यांच्या जिमखान्याशी झालेल्या सामन्याची हकीकत प्रसिद्ध आहे. बाळूचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक करून ठेवली होती. परंतु ज्याने उमेदीची वर्षे रूळ फिरविण्यात घालविली, त्याला खेळपट्टीचे मर्म काय कळणार नाही? बाळूने त्या सामन्यात सात गडी बाद केले आणि पुणेकरांनी विजय मिळविला. संघ परत आल्यावर झालेल्या सत्कारप्रसंगी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळाडूंचे कान उघडले. ज्याच्याबरोबर मैदानावर खेळता, त्याच्याबरोबर खाणेपिणेही केले पाहिजे, असे त्यांनी सुनावले. लोकमान्य टिळकांनीही जाहीर सभेत बाळूचे कौतुक केले. अशा थोर पुरुषांनी उघडपणे घेतलेल्या या भूमिकेचा परिणाम हळूहळू होऊ लागला.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यातही तिने थैमान घातले. त्या धामधुमीच्या काळात बाळूंनी पुणे सोडले आणि ते मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना घेण्यास येथेही काही सभासदांनी हरकत घेतली. परंतु संघनायक कीर्तीकर यांनी आग्रह धरून ती मोडून काढली. पुढे बाळूंना बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते रेल्वेच्या संघातूनही खेळू लागले. मैदान झाडणाऱ्या नोकराचा आता नामांकित खेळाडू झाला होता.

त्या काळातील क्रिकेटची रचना आजच्याहून निराळी होती. संघ जातीधर्मावर उभारलेले असत. हिंदुस्थानात हा खेळ प्रथम पारशी लोकांनी आपलासा केला आणि १८८६ व १८८८ साली त्यांचे संघ इंग्लंडचा दौराही करून आले. पारशी विरुद्ध युरोपियन असे सामने मुंबईत व पुण्यात दरवर्षी होत. हिंदूंना मात्र युरोपियनांविरुद्ध मोठा सामना खेळण्याची संधी फार उशिरा मिळाली. तो सामना फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस झाला.

हा सामना पाहण्यासाठी मैदानाभोवती हजारो लोक लोटले. हिंदूंच्या संघात बाळू होते आणि त्यांचे बंधू शिवरामही होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांचा डाव १९१ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा जमविल्या. विजयासाठी युरोपियनांना २१२ धावा हव्या होत्या. परंतु त्यांचे सर्व गडी १०२ धावांत बाद झाले आणि हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला असताना राज्यकर्त्यांवर त्यांच्याच खेळात मिळविलेला हा विजय लोकांना मोठाच वाटला. विचारी माणसांना या घटनेत आणखी एक अर्थ दिसला. ज्या दोन भावांना पुष्कळ देवळांत प्रवेश नव्हता, ते समाजाचे प्रतिनिधी म्हणून खेळले होते. पुण्यात ज्या बाळूंना चहा बाहेर दिला जाई, त्यांना मुंबईच्या जिमखान्यात सहकाऱ्यांच्या समवेत उपाहारास बसता येऊ लागले. समाजसुधारकांच्या वृत्तपत्रांनी या बदलाचे मनापासून स्वागत केले.

१९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांच्यात तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ त्यांत सामील झाला आणि सामने चौरंगी झाले. या सामन्यांत बाळू हे हिंदूंचे प्रमुख गोलंदाज होते. त्यांच्यामागून शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे बंधूही हिंदूंच्या संघात आले. एका घरातील चार भावांनी मोठ्या सामन्यांत नाव मिळवावे, ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल.

१९११ साली निरनिराळ्या जमातींतील निवडक खेळाडूंचा हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. तरुण महाराजा भूपिंदरसिंग पतियाळा हे त्याचे नायक होते; पण इतर कार्यक्रमांमुळे ते थोडेच सामने खेळले. हवा थंड व पावसाळी, मैदाने अपरिचित आणि प्रतिस्पर्धी कसलेले. संघाने एकंदर २३ सामने खेळले. त्यांपैकी १५ सामन्यांत पराभव झाला आणि केवळ ६ जिंकता आले. परंतु या अपयशातही एका खेळाडूची कामगिरी उठून दिसली. पस्तिशीला पोचलेल्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. एका गड्यामागे त्यांनी सरासरी १९ धावाही दिल्या नाहीत. लीस्टर येथे लीस्टरशायरविरुद्ध मिळालेल्या विजयात त्यांनी दोन डावांत मिळून ११ गडी टिपले. सॉमरसेटविरुद्धचा सामना हिंदी संघाने केवळ एक गडी राखून जिंकला. त्यात शिवराम यांनी नाबाद शतक झळकाविले. ज्या साहेबांच्या टाकून दिलेल्या बॅटींनी हे दोघे भाऊ खेळ शिकले, त्यांच्याच देशात त्यांनी आपले कौशल्य सिद्ध केले.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत बाळूंचे स्वागत झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजाला तर आपल्यातीलच एक माणूस जगाच्या वेशीवर उभा असलेला दिसला. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यालाही बाळूंविषयी मोठा अभिमान वाटत असे. जन्माने हीन ठरविलेला माणूस कर्तृत्वाने कोणाहूनही कमी नसतो, याचे हे सर्वांना दिसणारे उदाहरण होते.

एवढे सारे झाले, तरी एक दार बंदच राहिले. हिंदूंच्या संघाचे नायकत्व बाळूंना मिळाले नाही. अनुभव, वय, कौशल्य आणि खेळाची जाण यांपैकी कोणत्याही कसोटीवर त्यांचा हक्क पहिला होता. परंतु त्यांचा हात संघाला हवा असला, तरी त्यांच्या आज्ञेत खेळण्याची समाजाची तयारी नव्हती. हातातील कसब मान्य करणे सोपे असते. त्या माणसाच्या बुद्धीचे आणि अधिकाराचे श्रेष्ठत्व मान्य करणे कठीण असते. १९१३ साली एम. डी. पै यांना नायकत्व मिळाले. सत्काराच्या सभेत पै यांनी मोठ्या मनाने सांगितले, की हा मान खरे पाहता अनुभवी बाळूंनाच मिळावयास हवा होता. प्रतिस्पर्ध्याच्या नव्हे, तर खुद्द नायकाच्या मुखातून निघालेली ही कबुली पै यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते; परंतु त्यानेही परिस्थिती पालटली नाही.

१९२० साली हा प्रश्न ऐरणीवर आला. पै आजारी असल्याने नायकत्व कोणाला द्यावे, असा विचार सुरू झाला. निवड समितीने पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना नायक नेमले आणि बाळूंना संघातून वगळले. देवधर हे उत्तम फलंदाज होते आणि त्यांच्या गुणांविषयी कोणाची तक्रार नव्हती. परंतु जातीमुळे आपल्या वडील बंधूंचा अवमान होत आहे, हे शिवराम व विठ्ठल यांना सहन झाले नाही. त्यांनी आपल्या निर्णयामागील कारण लोकांपुढे मांडले आणि संघातून आपली नावे काढून घेतली. ज्या खेळाने त्यांना मान दिला, त्याच खेळातील संधीवर त्यांनी स्वाभिमानापोटी पाणी सोडले. त्याच सुमारास महात्मा गांधी अस्पृश्यतानिवारणाचा विचार देशभर मांडीत होते. लोकमत पालवणकर बंधूंच्या बाजूने झुकू लागले. पुढे पै बरे होऊन संघात परतले. बाळूंना सन्मानाने बोलावून उपनायक नेमण्यात आले आणि त्यांचे बंधूही परत आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळात संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वयाची पंचेचाळिशी गाठताना मिळालेला तो थोड्या घटकांचा मान होता. पण त्याने वाट मोकळी केली.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी सामन्यांत अजिंक्यपद मिळविले. आनंदित झालेल्या प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या स्पर्शाची एके काळी भीती बाळगली जाई, त्यांना खांद्यावर घेण्यासाठी आता चढाओढ लागली होती. बाळू तेव्हा खेळातून निवृत्त झाले होते. थोरल्या भावाने लावलेल्या झाडाचे फळ धाकट्याच्या हाती आले.

मैदान सोडल्यावर बाळूंनी सार्वजनिक कार्यात लक्ष घातले. १९३२ साली दलित वर्गासाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, या प्रश्नावर देशात मोठा वाद माजला. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. तडजोडीसाठी झालेल्या वाटाघाटींत बाळूंनी भाग घेतला आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर त्यांचीही स्वाक्षरी झाली. त्यांचा ओढा संयुक्त मतदारसंघांकडे होता, तर डॉ. आंबेडकरांची मूळ मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती. १९३७ सालच्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत तर काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाळू डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. बाळूंचा पराभव झाला. एकाच अन्यायाचे चटके सोसलेल्या दोन माणसांनी त्यावरील उपायांविषयी भिन्न मते धरावीत, यात नवल नाही. डॉ. आंबेडकरांनी रोगाच्या मुळावरच घाव घातला. बाळूंनी आपल्या हाती असलेल्या साधनाने, म्हणजे खेळाने, मार्ग काढला होता. दोघांचे मार्ग निराळे होते, तरी माणसाला माणसाप्रमाणे वागविले जावे, ही आकांक्षा एकच होती.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळूंचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले आणि प्रत्येक गड्यामागे सरासरी सुमारे १५ धावा दिल्या. त्यांच्या उमेदीच्या काळात हिंदुस्थानला कसोटी सामने खेळण्याचा अधिकार नव्हता. तो १९३२ साली मिळाला, तेव्हा पहिले नायक झाले ते नागपूरचे सी. के. नायडू. विदर्भाच्या भूमीत वाढलेल्या नायडूंनी १९१६ साली ज्या हिंदू संघातून मोठ्या सामन्यांत पदार्पण केले, त्या संघाची कीर्ती बाळूंच्या गोलंदाजीने आधीच दृढ केलेली होती. मागून येणाऱ्यांसाठी खेळपट्टी तयार करणे हे त्यांचे पहिले काम होते आणि एका अर्थाने ते त्यांनी जन्मभर केले.

पुढे बराच काळ बाळूंचे नाव विस्मृतीत गेले. त्यांच्या नावावर कसोटी सामना नव्हता आणि त्या काळातील त्यांचा खेळ पाहिलेली माणसेही एकेक करून निघून गेली. बंधू विठ्ठल यांनी मराठीत लिहिलेल्या आत्मचरित्रामुळे काही आठवणी जतन झाल्या. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्यात पालवणकर बंधूंची कथा विस्ताराने आली आणि नव्या पिढीला त्यांचा परिचय झाला.

बाळूंच्या चरित्रावरून उद्योग, चिकाटी आणि संयम यांचा धडा मिळतो, यात संशय नाही. परंतु त्याहून मोठा एक विचार त्यात आहे. बाळूंपाशी असामान्य गुण होता, म्हणून त्यांच्यासाठी एकेक दार उघडले, आणि तेही किती उशिरा! ज्यांच्यापाशी असा असामान्य गुण नव्हता, अशी लक्षावधी साधी माणसे त्याच दारांबाहेर उभीच राहिली. मान हा गुणवंताला मिळावा, हे योग्यच आहे. परंतु माणुसकीची वागणूक मिळण्यासाठी कोणालाही शंभर गडी बाद करावे लागू नयेत. सामना सुरू होण्यापूर्वी पहाटेच्या दवात रूळ फिरविणारा माणूस दृष्टीस पडला, तर क्षणभर थांबून त्याच्याकडे आदराने पाहावे. पालवणकर बाळूंच्या स्मृतीला तेच खरे अभिवादन होय.